भिगवणचे हंस, 250 ची लेन्स आणि कात्री: क्रॉप केलेला फोटो धरायचा की नाही?

पाणकावळा (धागाकर्ता)
रविवारी भिगवणजवळ, उजनी धरणाच्या काठच्या कुंभारगावला गेलो होतो. हातात 24 मेगापिक्सेलची साधी कॅमेरा बॉडी आणि 55-250 मिमीची लेन्स. पट्टकदंब हंसांचा थवा शंभरेक मीटरवर चरत होता. घरी येऊन 6000 पिक्सेल रुंदीच्या फोटोतून जेमतेम 1200 रुंदीचा तुकडा कापला. म्हणजे 24 मेगापिक्सेलमधला एक उरला! पण डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता येतात. मी खूश. ग्रुपवर टाकला तर एकाने लिहिलं, "याला फोटो नाही, पुरावा म्हणतात." बरं, पुरावा तर पुरावा. लांबचं जवळ ओढणारी महागडी 600 ची लेन्स परवडेपर्यंत पक्षी टिपायचेच नाहीत का?

तीव्र_नजर
भांडण तुझ्या लेन्सशी नाही, आळसाशी आहे. 600 ने शंभर मीटरवरून पक्षी जेवढा मोठा येतो, तेवढाच 250 ने बेचाळीस मीटरवरून येतो. पैसे नाहीत ना, मग अंतर कमी कर. उजाडायच्या आत काठावर जाऊन बस, हलू नकोस, पक्षी आपसूक सरकत येतात. तू पोचलास किती वाजता? दहा? त्या वेळी पाण्यावरची हवा थरथरते, 600 वाल्याच्या फोटोतही पिसांचं पिठलं होतं. क्रॉप शेवटचा उपाय, तू पहिला केलास.

दुर्बीणवाली
"अंतर कमी कर" म्हणायला काय जातं! प्रत्यक्षात ते कमी करतात नाववाले दादा. "दादा, अजून थोडं पुढं घ्या ना", तीन बाजूंनी तीन नावा, आणि थवा उठला. मध्य आशियातून हिमालय ओलांडून ते उजनीच्या पाण्यावर खायला-विसावायला येतात, आपल्याला पंख पसरून दाखवायला नाही. रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात नाव घालून त्यांना उडवायला सांगणारे मी पाहिलेत, आणि गळ्यात तोफा होत्या, 250 नव्हे. पाणकावळा, तुमचा एक मेगापिक्सेल मला शंभरदा चालेल.

तीव्र_नजर
ताई, मी काठावर बसायला सांगितलं. नाव तुम्ही आणलीत.

चिखल्या
क्रॉपचं सोडा, क्रॉपनंतर काय करता ते सांगा. गेल्या हिवाळ्यात लांबवरचा एक टिलवा (चिखलातला चिमुकला पक्षी) कापला आणि एआयवाल्या सॉफ्टवेअरमधून काढला. पाय छान पिवळट दिसले. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट. म्हणून टेमिंक जाहीर केला, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर चढवलाही. एका जाणत्या काकांनी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची, प्रक्रिया न केलेली) मागितली. त्यात पाय म्हणजे दोन पिक्सेल चिखल! पिवळेपणा सॉफ्टवेअरच्या मनचा. नोंद गुपचूप उतरवली. तेव्हापासून माझा नियम: कापा खुशाल, पण रॉ जपा आणि जे पिक्सेल आलेच नाहीत ते उगवू नका.

पाणकावळा
अरे देवा. मी नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) काढला होता, पण पिसं नाही हो रंगवली.

काटकसरे
निकॉनचा जुना पी-900 कॅमेरा घ्या की! 83 पट झूम, कापाकापी नको.

तीव्र_नजर
नखाएवढा सेन्सर. ढगाळ सकाळी त्याचंही पिठलंच. आणि उडती सुरय (पाण्यावर भिरभिरणारा चपळ पक्षी) त्यात धरून दाखवा, चहा माझ्याकडून.

काटकसरे
बसलेली चालेल का?

दुर्बीणवाली
पाणकावळा, पुढच्या वेळी पहाटे काठावरच बसा. तीव्र_नजर यांचं तेवढं बरोबर आहे. पांढरा शर्ट मात्र घालू नका. तरीही हंस शंभर मीटरवरच राहिले तर राहू द्या.

तीव्र_नजर
आणि न कापलेली फ्रेम आधी टाक. मग बोलू.

पाणकावळा
टाकली. हंस उजवीकडच्या बाभळीच्या खाली आहेत. नाही, ते दगड. त्याच्या जरा डावीकडे.