सावंतवाडीत मोती तलावाकाठी काय बघावं? आईचे गुडघे दुखतात

भटकी_सई: पुढच्या महिन्यात मालवणला जातोय, परत येताना एक दिवस सावंतवाडीला काढायचाय. बाबांना जुन्या वास्तूंचं फार वेड, पण आईचे गुडघे दुखतात त्यामुळे किल्ले बाद. तलावाकाठी चालत काय काय होईल? अर्धा दिवस पुरेल का?

वाडीकर: पुरतो, फक्त सकाळी लवकर पोचा. तलावाकाठचा रस्ता सपाट आहे, दमल्या की कुठेही टेकता येतं, आईंची काळजी नको. आधी राजवाडा करा, इथले राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळातला आहे (१७५५ ते १८०३), तलाव त्यानंतर कितीतरी वर्षांनी म्हणजे १८७४ मध्ये बांधला. वाड्यात गंजिफा रंगवतात तिथे मात्र निवांत वेळ द्या. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते, दशावतारी संचात १२० पानं, प्रत्येक अवताराची बारा, सगळी हाताने रंगवलेली! ही कला बुडायला आली होती तेव्हा इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि त्यांच्या राणी सत्त्वशीलादेवींनी ती उचलून धरली, राणीसाहेब स्वतः म्हाताऱ्या चिताऱ्याकडून शिकल्या. मला तरी वाड्यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. मग केशवसुत कट्ट्यावर बसा, समोर पाणी आणि पलीकडे नरेंद्र डोंगर. लाकडी खेळणी घ्यायची तर चितारआळीत.

धामापूरचो: मालवणहून येताय तर चौके-धामापूर-कुडाळ रस्त्यानेच या, धामापूर तलाव चुकवू नका प्लीज. १५३० चा मातीचा बांध, दोन डोंगरांच्या मधे, आणि आजही त्याच पाण्यावर खाली शेती होते. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. काठालाच भगवतीचं देऊळ आहे. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, लग्न असलं की परडीत फुलं ठेवून पाण्यात सोडायची, देवी सोन्याचे दागिने द्यायची, कार्य झालं की परत करायचे, कोणीतरी परत केले नाहीत आणि ते बंद झालं. बाबांना ही गोष्ट काठावर बसूनच सांगा. प्लास्टिक तेवढं परत घेऊन जा.

भटकी_सई: खूप आभार दोघांचे! वाड्यात जिने आहेत का पण?

वाडीकर: थोड्या पायऱ्या आहेत, हात धरून सावकाश न्या. फार चढ नाही.

भटकी_सई: मग ठरलं, सकाळी धामापूर, दुपारी वाडा, संध्याकाळी कट्टा. बाबांना गंजिफाचं आत्ताच सांगितलं, ते एक संच घ्यायचाच म्हणतायत.