लुझॉनमधील इफुगाओ गावे आणि गरम पाण्याचे झरे: कोरड्या हंगामात नेमके कधी जावे?

पायवाट (प्रश्न)
फिलिपिन्समधील लुझॉन बेटावरच्या कॉर्डिलेरा डोंगररांगेत, डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे करणाऱ्या इफुगाओ लोकांच्या गावांतून, पाच-सहा दिवस पायी फिरण्याचा बेत आहे. बानावेहून बाताद, तेथून हापाओ व तिथला नदीकाठचा गरम पाण्याचा झरा, आणि जमल्यास पुढे बोंतोकजवळचे माइनित, असा क्रम मनात आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ कोरडा असतो, एवढेच सगळीकडे वाचायला मिळते. पण या सहा महिन्यांतला कोणता काळ निवडावा आणि गावांत राहताना कोणते संकेत पाळावेत, हे जाऊन आलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे. सोबत साठी ओलांडलेले वडील आहेत. त्यांना चालण्याची चांगली सवय आहे, मात्र रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

रानवारा
केवळ पाऊस नाही म्हणून तारखा ठरवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथला डोंगर कसा दिसेल आणि गाव आपल्याला वेळ देऊ शकेल की नाही, हे दोन्ही भातावर अवलंबून असते. 'तिनावोन' हे तिथले पारंपरिक भात वर्षातून एकदाच पिकते. लावणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत चालते आणि त्या सुमारास पाण्याने भरलेली खाचरे आरशासारखी चमकतात; एप्रिल-मेमध्ये सगळे हिरवेगार होते आणि कापणी जून-जुलैत येते. म्हणजे पिवळे भात पाहायचे असेल, तर कोरडा हंगाम मुळातच उपयोगाचा नाही.

शिवाय 'कोरडा' हा शब्दही जरा जपूनच घ्यावा. 'अमिहान' म्हणजे ईशान्येचे वारे वाहू लागले की डिसेंबर ते फेब्रुवारीत बानावेच्या बाजूला धुके आणि रिमझिम असते. मी फेब्रुवारीत गेलो होतो, तेव्हा बातादमध्ये पहिल्या दिवशी समोरचा बांधसुद्धा दिसत नव्हता. वडील सोबत असल्याने मी मार्च सुचवेन.

आता बांधांविषयी. हापाओचे बांध दगडी आहेत आणि त्यांच्या अंगातून बाहेर काढलेले सपाट दगड हीच वर-खाली जाण्याची पायरी असते; एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला पुरुषभर खोली आणि मध्ये पाऊलभर वाट. बाताद आणि हुंगदुआन (हापाओ त्यातच येते) यांच्यासह पाच ठिकाणची खाचरे १९९५ साली जागतिक वारसा ठरली, आणि पुढे २००१ ते २०१२ या काळात ती धोक्यातील वारशांच्या यादीत होती. एक दगड निसटला, तर तो परत बसवण्याचे काम त्या शेताच्या मालकालाच करावे लागते, म्हणून कडेवर बसणे किंवा छायाचित्रासाठी कडेने उड्या मारणे टाळावे. स्थानिक वाटाड्या घ्यावाच. समोरून ओझे घेऊन माणूस आला तर कुठे थांबायचे, हे त्यालाच ठाऊक असते.

संकेतांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे 'तुंगो'. शेतीच्या विधींशी जोडलेला हा विसाव्याचा दिवस असतो आणि त्या दिवशी शेतात काम करणे निषिद्ध मानतात. तो कधी येईल हे छापील दिनदर्शिकेत सापडत नाही, त्यामुळे मुक्कामाच्या घरी आधीच विचारावे आणि एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा.

कढत पाणी
वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त झऱ्यांविषयी भर घालतो. हापाओचा झरा अगदी नदीकाठी आहे आणि तिथवरची वाट खाचरांतूनच जाते. माइनितचे पाणी मात्र काही जागी इतके कढत असते की हात घालण्याचेही धाडस करू नये. तिथले लोक याच खारट पाण्यापासून मीठ काढत असत आणि २०व्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींत त्याचे वर्णन आहे. त्यामुळे वाफ दिसली म्हणून लगेच उतरू नका, गावकरी जिथे अंघोळ करतात तिथेच उतरा.

वडिलांसाठी सांगायचे तर, चालून आल्या आल्या पाण्यात बसू देऊ नये. आधी अर्धा तास विसावा आणि भरपूर पाणी, मग दहा मिनिटे, आणि बाहेर येताना आधार द्यावा, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना भोवळ येऊ शकते. डोके पाण्याखाली नेऊ नये. कोमट-गरम गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा असू शकतो. तो संसर्ग दुर्मीळ असला तरी जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो.

पायवाट
दोघांचेही आभार. मार्चचा पहिला पंधरवडा ठरवतो आणि माइनित वगळतो. हापाओहून बानावेला संध्याकाळी परतता येईल का?

रानवारा
त्यावर विसंबू नका. गावांकडून येणाऱ्या जीपनी (तिथल्या प्रवासी वाहतुकीच्या जीपसारख्या गाड्या) बहुधा पहाटे बानावेच्या बाजाराला निघतात आणि दुपारी परततात, म्हणजे आपल्या सोयीच्या नेमक्या उलट. हापाओतच एक रात्र राहा, लहान नोटांत पेसो जवळ ठेवा, आणि जीपनी नेमकी किती वाजता सुटते हे आदल्या संध्याकाळीच विचारून घ्या.