विषय: आपल्या सिंगापूरच्या मंडळाचा दिवाळी अंक, पान ७ वरची चौकट

प्रेषक: मुग्धा (संपादन समिती)
शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

अंकाची पानं जवळजवळ लागली. ‘ते दिवस’ या विभागात कोविडच्या आठवणींचे पाच लेख आलेत. त्यांच्यामधे ही चौकट टाकतोय:

“२०२० अखेर सिंगापुरात सुमारे ५८,६०० रुग्ण सापडले आणि मृत्यू झाले फक्त २९. म्हणजे मृत्युदर जेमतेम ०.०५ टक्के! शिस्त आणि उत्तम वैद्यकीय सेवा यांचंच हे फळ.”

काही चूक असेल तर रविवार संध्याकाळपर्यंत कळवा, सोमवारी फाइल छापखान्यात जाते. शुद्धलेखनाच्या सूचना कृपया मला एकटीला पाठवा. मागच्या वर्षीचा ‘कि की की’ हा धागा मी अजून विसरलेले नाही.

मुग्धा

—

प्रेषक: नचिकेत (पुंगोल)
शुक्रवार, रात्री ११:३०

मुग्धा, आकडे बरोबर आहेत, पण मग पुढच्या वर्षाचेही टाक ना. २०२१ अखेर एकूण रुग्ण पावणेतीन लाखांच्या वर आणि मृत्यू ८२८. त्यातून २०२० चे वजा केले तर त्या एका वर्षात साधारण २ लाख २० हजार रुग्ण आणि आठशेच्या आसपास मृत्यू. दर आला ०.३६ टक्के. म्हणजे सातपट!

आणि हे सगळं लस आल्यावर. शिस्त तीच, हॉस्पिटलं तीच, डॉक्टर तेच, वर ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी दोन्ही डोस घेतलेले. मग दर सातपट कसा? मी फॉरवर्ड ढकलणाऱ्यांतला नाही. पण हा प्रश्न विचारला की लोक अंगावर येतात, असा अनुभव आहे.

नचिकेत

—

प्रेषक: विनय (लिस्टचं काम बघणारा)
शनिवार, सकाळी ८:०५

सगळ्यांना विनंती: फराळाच्या ऑर्डरी या धाग्यावर नको. रात्री एकाने मृत्युदराच्या खाली ‘२ किलो भाजणी चकली’ लिहिलंय.

—

प्रेषक: रोहिणी (बून ले)
शनिवार, सकाळी ११:२०

नचिकेत, प्रश्न रास्त आहे, अंगावर येण्यासारखं त्यात काही नाही. विमा कंपनीत माझं पोटच मृत्यूच्या तक्त्यांवर चालतं, तेव्हा जरा लांबण लावते.

२०२० मधले ५८,६०० जण कोण होते ते आधी बघ. १३ डिसेंबरपर्यंत पीसीआर चाचणीत पॉझिटिव्ह आलेले ५४,५०५ जण डॉर्मिटरीत, म्हणजे कामगारांच्या सामायिक वसतिगृहांत राहणारे परदेशी कामगार होते. शंभरातले त्र्याण्णव. उरलेले चारेक हजार म्हणजे तुम्ही-आम्ही आणि बाहेरून विमानाने आलेले. डॉर्ममधली बहुतेक मुलं विशीतिशीतली, फार तर चाळिशीची. साठीपुढचा माणूस तिथे शोधावा लागेल. शिवाय वर्क परमिटसाठी प्रत्येकाची मेडिकल झालेली. बीपी, साखर, किडनी यांनी बेजार झालेला माणूस बांधकामावर येतच नाही. लक्षणं नसलेल्यांच्याही चाचण्या तिथे सरसकट झाल्या, त्यामुळे एरवी कुणाला कळलंही नसतं असे हजारो जण मोजले गेले.

आता मृत्यू. त्या २९ मधले बहुतेक साठीच्या वरचे आणि डॉर्मबाहेरचे. म्हणजे या अपूर्णांकात अंशात एक माणसं आहेत आणि छेदात दुसरीच. ०.०५ हा आकडा खोटा नाही, पण तो कुणाचाच नाही. तिथल्या पंचविशीतल्या मुलाचा धोका त्याहूनही कमी होता, आणि तोआ पायोहमधल्या ऐंशीच्या आजींचा कितीतरी जास्त.

डॉर्म बाजूला काढून भागाकार कर. चारेक हजार रुग्ण, आणि कामगारांमधले मोजके वगळून उरलेले मृत्यू. दर अर्ध्या टक्क्याच्या वर जातो. २०२१ चा ०.३६ हा आकडा त्याच्या शेजारी ठेव, ०.०५ शेजारी नको. मग लस आल्यावर दर चढला नाही, उतरला असं दिसेल. (२०२१ मध्येही डॉर्ममध्ये रुग्ण होतेच, त्यामुळे हीही तुलना धुतल्या तांदळासारखी नाही. पण दिशा कळते.)

आपल्याच मंडळाचं उदाहरण. क्रिकेटच्या दिवशी पंधरा जण पडतात, दोन क्रेप बँडेजमध्ये भागतं. ज्येष्ठांच्या सहलीत एकच जण घसरतो आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. म्हणून क्रिकेटच्या संयोजकांना प्रथमोपचाराचं बक्षीस द्यायचं का?

२०२१ मध्ये विषाणूनेच वाट बदलली. जुलैत जुरोंगच्या मासळी बंदरातून तो बाजारांत पोचला. आणि सकाळी सातला ओल्या बाजारात, म्हणजे भाजी-मासळीच्या मंडईत, पिशवी घेऊन कोण असतं? पंचवीस वर्षांचा वेल्डर नसतो, आजी-आजोबा असतात. त्या ऑक्टोबरात सरकार सांगत होतं, की लस न घेतलेले साठीपुढचे लोक लोकसंख्येच्या दीड टक्काच आहेत, पण आयसीयूतल्या रुग्णांत आणि मृतांत दोन तृतीयांश तेच आहेत. माझ्या मते चौकटीत एकच वाक्य राहणार असेल तर ते हे.

मुंबईचंही बघ. जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या, इमारतींत १६ टक्के. इथल्या डॉर्ममध्ये वर्षअखेर पीसीआर आणि रक्ततपासणी मिळून ४७ टक्के. दोन्हीकडे दाटी आणि दोन्हीकडे तरुण वस्ती. एका खोलीत बाराजण झोपत असतील तर सहा फुटांचं अंतर कुठून आणणार? लागण भरपूर, मृत्यू त्या मानाने थोडे. मुंबईत त्याला तेव्हा ‘आपली प्रतिकारशक्ती’ म्हणत होते, इथे आपण शिस्त म्हणतो. वयाकडे कुणी बघत नाही.

रोहिणी

—

प्रेषक: सुधीर (सेंगकांग)
शनिवार, दुपारी ४:१५

रोहिणीताईंनी मांडलेलं गणित पटलं. एक गोष्ट जोडतो.

एप्रिल २०२० पासून तीनेक महिने मी एका मदतगटासाठी फोनवर हिंदीतून बोलायचं काम केलं. लिटल इंडियात वाणसामान आणण्यापलीकडे या मुलांशी माझा तोवर काहीच संबंध आलेला नव्हता. मालदाकडचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा जवळजवळ रोज फोन करायचा. बारा जणांच्या खोलीत वरच्या बंकवर होता, अंगावरचा टॉवेलच पडदा म्हणून लावलेला. पॉझिटिव्ह आल्यावर त्याला ऑक्सिमीटर मिळाला. सकाळ-संध्याकाळ बोट घालून फोटो पाठवायचा, ‘९८, भैया’. एकदा ९४ आला तेव्हा माझेच हात कापायला लागले. बोट गार होतं म्हणून. चोळून परत लावलं, ९७.

मी त्याला सारखं सांगायचो, तू तरुण आहेस, तुला काही होत नाही. ते खरंच ठरलं. त्याची काळजी वेगळीच होती. एजंटचं कर्ज आणि घरी एकसष्टीचे वडील. पुढच्या मे महिन्यात, गावाकडे दुसरी लाट चालू असताना, वडील गेले. हा इथे डॉर्म ते साइट, साइट ते डॉर्म. २०२० च्या जूनमध्ये सर्किट ब्रेकर (इथला लॉकडाउन) उठल्यावर आपण ‘प्रॉन मी’ (कोळंबीच्या नूडल्स) खायला बाहेर पडलो होतो. यांना नुसतं लिटल इंडियात फिरायला सोडायचा प्रयोगसुद्धा सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला, तोही आठवड्याला पाचशे जणांसाठी.

अजून एक. बाधित असताना हृदयविकाराने गेलेले काही कामगार कोविडच्या आकड्यात धरले नव्हते. न्युमोनियाने गेले तेच मोजायचे, असा नियम होता. नियम जाहीर होता, लपवाछपवी नव्हती. तरी २९ लिहिताना माहीत असावं.

सुधीर

—

प्रेषक: श्रीनिवास काका
शनिवार, संध्याकाळी ६:५०

चि. रोहिणी, छान समजावलंस.

पण वयाचं हे गणित प्रत्येक साथीला लागू नाही हो. आमच्या आजीच्या तोंडी १९१८ ची ‘मानमोडी’ असायची. तिच्या माहेरी दोन तरुण सुना आणि एक कर्ता मुलगा आठवड्याभरात गेले. सत्तरीतली पणजी मात्र चुलीपाशी बसून नातवंडांना पेज भरवत होती. त्या तापाने वीस ते चाळीस वयाची माणसं नेली. १९२१ ची खानेसुमारी १९११ पेक्षा कमी भरली, ती मुख्यतः त्यामुळे. कोविडात तरुण वाचले आणि आमच्यासारख्यांच्या घरापुढे तुम्ही भाजी ठेवून पळत होतात. दोन्हीतलं कुठलं बरं, ते मला विचारू नका.

मला दोन पुडे चिवडा हवा आहे. कुठे लिहायचं?

काका

—

प्रेषक: विनय
शनिवार, संध्याकाळी ६:५८

काका, तुमचा चिवडा मी लिहून घेतला. 🙏

—

प्रेषक: नचिकेत
रविवार, पहाटे १:१०

रोहिणीताई, अंश आणि छेद दुसऱ्याच माणसांचे, हे डोक्यात शिरलं. मी इतके दिवस दोन वर्षांची तुलना करत होतो, खरं तर दोन पिढ्यांची करत होतो.

मी एवढा का अडून बसलो होतो तेही सांगतो. आई तेव्हा आमच्याकडे होती, ७४ वर्षांची. तिने लस घेतली नव्हती. तिला पेनिसिलिनची ॲलर्जी, त्यात फॅमिली ग्रुपवरचे व्हिडिओ. आणि मीही जोर केला नाही. माझं म्हणणं असं, की इथे दर ०.०५ आहे, घरातच असते, घाई काय? हाच आकडा, मुग्धाच्या चौकटीतला. मीच तो तिला दाखवला होता.

सप्टेंबरमध्ये बाजारातून मेथी घेऊन आली आणि चौथ्या दिवशी ताप. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली, आता पुण्यात आहे, जिना चढताना मधे थांबते. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘लस घेतली आहे का’ या रकान्यात ‘नाही’ लिहिताना पेन चालेना, एवढंच आठवतं. परवा तो आकडा परत समोर आला आणि रात्रीच मेल टाकली.

हे अंकात नको. लिस्टपुरतंच.

नचिकेत

—

प्रेषक: मुग्धा (संपादन समिती)
रविवार, संध्याकाळी ५:३५

मंडळी, चौकट बदलली आहे:

“२०२० अखेर सिंगापुरात सुमारे ५८,६०० रुग्ण आणि २९ मृत्यू नोंदले गेले. रुग्णांपैकी शंभरातले त्र्याण्णव डॉर्मिटरीतले तरुण कामगार होते, तर मृतांपैकी बहुतेक साठीच्या वरचे आणि डॉर्मबाहेरचे. त्यामुळे ०.०५ टक्के या सरासरीवरून कुठल्याच वयाचा धोका कळत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये लस न घेतलेले ज्येष्ठ लोकसंख्येच्या दीड टक्काच होते, पण आयसीयूत आणि मृतांमध्ये दोन तृतीयांश तेच होते.”

‘शिस्त आणि उत्तम वैद्यकीय सेवा’ काढलंय. अध्यक्षांचा फोन येऊन गेला, त्यांना ते हवं होतं. मी म्हटलं, ते तुमच्या मनोगतात टाका, पान २ वर जागा आहे.

सुधीर, त्या ऑक्सिमीटरवर चारशे शब्द लिहून देशील का? मुलाचं नाव-गाव नको. साडीवाल्यांची जाहिरात अर्ध्या पानावरून पाव पानावर आणते, त्यांच्याशी मी बोलते. उद्या दुपारी बारापर्यंत मिळालं तरच.

नचिकेत, तुला फोन केला होता. वेळ मिळेल तेव्हा कर.

मुग्धा