कोआला पेंटरचं चित्र बेसिकमधून दाखवताना रंग बिघडतात (कमोडोर ६४ संगणक)

सोळारंगी: कोआला पेंटर या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढलेलं चित्र बेसिक भाषेतल्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून दाखवायचंय. फाइल मेमरीत २४५७६ या पत्त्याला लोड होते. मग ५३२६५ मध्ये ५९, ५३२७० मध्ये २४, ५३२७२ मध्ये २४ आणि ५६५७६ मध्ये १५० पोक करतो, म्हणजे त्या पत्त्यांवर हे आकडे लिहितो. आकृती ओळखू येते, पण रंग भलतेच, चौकटी-चौकटीचे. शिवाय लोड संपलं की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून पुन्हा लोडच करत बसतो. काय चुकतंय?

पोकपीक: तुमचे पोक बरोबर आहेत, रंग हलवायचे राहिलेत. फाइल १०००३ बाइटची: २ पत्त्याचे, ८००० बिटमॅप, १००० स्क्रीन, १००० रंग आणि शेवटचा १ पार्श्वभूमीचा. बिटमॅप जागेवरच आहे. स्क्रीनचा भाग मात्र ३२५७६ ला येतो, आणि पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या व्हिक चिपला तो १०२४ च्या पटीतल्या पत्त्यावरच लागतो. तुमच्या २४ प्रमाणे ती १७४०८ ला बघते, तिथे सध्या कचरा आहे. ३२५७६ पासूनचे १००० बाइट १७४०८ ला न्या, ३३५७६ पासूनचे १००० बाइट ५५२९६ ला, आणि ३४५७६ चा एक बाइट ५३२८१ मध्ये टाका. शून्य ते ९९९ चं एकच फॉर लूप पहिल्या दोन्ही कामांना पुरतं. बेसिकमध्ये ते रेंगाळतं. तेवढ्या वेळापुरता ५३२६५ मध्ये ११ टाकून पडदा बंद ठेवा, किंचित वेगही वाढतो.

पुन्हा पुन्हा लोड होणं हा बेसिकचा स्वभाव. प्रोग्रॅममधून लोड केलं की तो पहिल्या ओळीवर परततो, पण व्हेरिएबल टिकतात. म्हणून पहिलीच ओळ: ए=१ असेल तर कॉपीच्या ओळीवर जा. त्याखाली पोक ५२,६४, पोक ५६,६४ आणि सीएलआर (व्हेरिएबल पुसणारा आदेश), म्हणजे बेसिक १६३८४ च्या वर येणार नाही. मग ए=१, मग लोड. सीएलआर सगळ्यात वर ठेवलात तर ए पुसला जाईल आणि फेरा संपणारच नाही.

खडूफळा: दोन गोष्टी राहिल्या. प्रोग्रॅम संपू देऊ नका, शेवटी १०० गोटू १०० ठेवा. नाहीतर ‘रेडी’ छापताना बेसिक ५५२९६ च्या रंगांतही लिहितं आणि चित्रात मधेच फिकट निळे डाग उठतात. मजकूर वर सरकला तर रंगही सरकतात.

दुसरं, ३२७६८ ला रॉम आणणारं कार्ट्रिज लावलेलं असेल तर काढा. पोक खालच्या रॅममध्येच जातो, पण पीक (पत्त्यावरचा आकडा वाचणारा आदेश) रॉम वाचतो. स्क्रीनचे पहिले १९२ बाइट सोडले तर बाकी सगळं चुकीचं कॉपी होईल.

सोळारंगी: रंग जुळले. कार्ट्रिज लावलेलंच नाही. पण फाइलचं नाव टाइप करता येत नाही, पहिलं अक्षर उलट्या रंगात दिसतं.

पोकपीक: तो कॅरेक्टर १२९ आहे, रंग बदलणारं नियंत्रण-चिन्ह. त्याजागी प्रश्नचिन्ह (कुठलंही एक अक्षर) द्या: "?पिक ए*",८,१. डिस्कवर ‘ए’ ची एकाहून जास्त चित्रं असतील तर पहिलं सापडेल तेच उघडेल.