केस स्टडीत नुसतं वर्णनच होतं, विश्लेषण कसं करायचं?

प्रश्न
आर्किटेक्चरच्या केस स्टडीसाठी चौघांच्या गटाने एका दुमजली ग्रंथालयाचा अभ्यास करायचा आहे. प्रत्यक्ष इमारतीत दोन दिवस मिळतील, मूळ नकाशे नाहीत. मापं घेऊन प्लॅन काढता येईल, पण शीटवर (सादर करायच्या ड्रॉइंगवर) शेवटी 'प्रवेश उत्तरेकडून, वाचनकक्ष वरच्या मजल्यावर' एवढंच उरतं. याला विश्लेषण म्हणत नाहीत हे कळतं, मग नेमकं काय करायचं? मापं घेताना काय चुकतं?

उत्तर १
आधी मापं. भिंत तुकड्यातुकड्याने मोजू नका. टेपचा शून्य कोपऱ्यात धरा आणि न हलवता खिडकीची कड, दुसरी कड, कॉलम, पुढचा कोपरा असे आकडे ओळीने वाचत जा, मीटरमध्ये: 0, 1.35, 2.55, 4.80. दहा तुकडे वेगवेगळे मोजले आणि प्रत्येकात अर्धा सेंटिमीटर चुकला, तर बेरजेत पाच सेंटिमीटरपर्यंत घोळ होतो.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्याच. ते राहिले की खोली काटकोनात आहे असं धरून प्लॅन काढला जातो आणि बाहेरची भिंत काही केल्या जुळत नाही. जिन्याची एक पायरी मोजून गुणाकारही करू नका. फरशी नंतर बसवलेली असेल तर सर्वांत खालची आणि वरची पायरी हमखास वेगळी निघते. होकायंत्र कॉलमजवळ धरलं तर आतल्या सळ्यांमुळे सुई भरकटते, म्हणून उत्तर दिशा इमारतीपासून लांब उभं राहून ठरवा.

उत्तर २
एका आकृतीत एकच गोष्ट काढा: फक्त कॉलम आणि बीम, फक्त माणसांची ये-जा, फक्त उजेड. सगळ्या एकाच स्केलला, ट्रेसिंग पेपरवर. मग दोन-दोन एकमेकींवर ठेवा. विश्लेषण तिथे सुरू होतं, कारण 'असं का?' हा प्रश्न तिथेच पडतो.

आर्किटेक्ट लुई कान यांचं अमेरिकेतल्या फोर्ट वर्थमधलं किम्बेल कला संग्रहालय (1972) घ्या. छत कमानीसारखं दिसतं, पण माथ्यावर लांबीभर फट आहे. तिच्यातून येणारा उजेड खालचा ॲल्युमिनियमचा परावर्तक पुन्हा छताच्या आतल्या बाजूवर टाकतो. खऱ्या कमानीचा माथाच कापला तर ती उभी राहील का? कॉलमचा प्लॅन पाहिला की उलगडा होतो: छताचं सुमारे 100 फूट लांबीचं प्रत्येक कवच चार कोपऱ्यांतल्या चार कॉलमवर टेकलेलं आहे आणि लांबीच्या दिशेने तुळईसारखं काम करतं. म्हणून माथा उजेडासाठी मोकळा ठेवता आला. नुसत्या सेक्शनवरून (उभ्या छेदावरून) हे कळलं नसतं.

उत्तर ३
उजेडाच्या आकृतीत पिवळे बाण काढून भागत नाही, आकडे हवेत. पूर्ण ढगाळ आकाश असताना, दिवे बंद करून, टेबलाच्या उंचीवर खिडकीपासून 1, 2, 3, 4 मीटरवर लक्स (उजेडाचं एकक) मोजा. त्याच क्षणी दुसऱ्याने बाहेर उघड्यावर मोजायचं. आत 200 आणि बाहेर 10,000 असेल तर बाहेरच्या उजेडाच्या 2 टक्के आत मिळतो. उन्हात घेतलेलं हे गुणोत्तर निरुपयोगी, कारण सूर्य सरकला की तेही बदलतं.

दर अर्ध्या तासाने कोण कुठे बसलंय याचे ठिपके प्लॅनवर मांडा आणि उजेडाच्या नकाशावर ठेवा. भरपूर उजेडाची जागा रिकामी असेल तर कारण शोधा: डोळ्यांवर येणारी तिरीप, जिन्याचा आवाज, की पाठीमागून सतत ये-जा? मला तरी सगळ्या शीट्समध्ये हीच आकृती सर्वांत बोलकी वाटते.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. कॉलम प्लॅस्टरमध्ये लपलेले असतील तर?

उत्तर १
छताकडे बघा. खाली उतरलेले बीम जिथे मिळतात तिथे बहुधा कॉलम असतो. 'बहुधा' अशासाठी की छोटा बीम मोठ्या बीमवरही टेकतो. त्यामुळे तीच जागा खालच्या मजल्याच्या प्लॅनवर ताडून बघा. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर प्लॅस्टरला बारीक उभी चीरही बरेचदा दिसते. खात्री नसेल तिथे कॉलम तुटक रेषेने दाखवा.