मुलाच्या क्लिपा निघाल्या, आता रिटेनर घेऊन लातूरला हॉस्टेलवर चाललाय

मनीची_आई:
मुलाच्या दातांच्या क्लिपा मागच्या आठवड्यात काढल्या. दात परत सरकू नयेत म्हणून वर-खाली दोन्हीकडे ते पारदर्शक प्लास्टिकचे रिटेनर दिलेत, जेवताना आणि ब्रश करताना सोडून दिवसरात्र घालायचे, सहा महिन्यांनी बघू म्हणाले डॉक्टर. पण हा अकरावीला लातूरला चाललाय, हॉस्टेल, मेस आणि दिवसभर क्लास, इथे मी मागे लागून घालायला लावते तिथे कोण बघणार? आत्ताच त्याला कसातरी वास यायला लागलाय आणि आतून पांढरट थर दिसतोय, तो नक्की कशाने साफ करायचा? डॉक्टरांनी खालच्या दातांना आतून तार चिकटवायचंही सुचवलंय, कोणी केलंय का? आणि सासूबाईंचं रोजचं पालुपद की दात सरळ झाले ना एकदाचे, मग आता हे कशाला. त्यांना काय सांगू तेही सांगा :)

दाताखाली_खडा:
मी डेंटिस्ट आहे, ऑर्थो म्हणजे क्लिपा लावणारी नाही, पण असे पेशंट रोज येतात. सासूबाईंपासून सुरुवात करते. दात हाडात पक्का चिकटलेला नसतो, मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात, क्लिपांनी दात सरकवला की ते ताणले जातात आणि नव्या जागी नीट जुळायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतले तंतू आणखी हट्टी, त्यातल्या लवचिक तंतूंना तर वर्षभरही लागतं, म्हणून जो दात मुळात वळलेला होता तोच सगळ्यात आधी परत वळायला बघतो. आणि वर्षानंतरही रात्रीचा रिटेनर सोडायचा नसतो, कारण खालचे पटाशीचे दात वय वाढेल तसे बहुतेकांचे दाटी करतात, आयुष्यात कधी क्लिप न लावलेल्यांचेही. सासूबाईंना म्हणावं तुमचेच खालचे दात आरशात बघा, लग्नातल्या फोटोत असेच होते का!

थर म्हणजे जंतूंचा चिकटा आणि लाळेतले क्षार. वेगळा मऊ ब्रश ठेवा, हात धुवायच्या लिक्विड सोपचा एक थेंब आणि साधं पाणी, आतून-बाहेरून घासायचं, सकाळी आणि रात्री. टूथपेस्ट नको, तिने बारीक ओरखडे पडतात आणि मग घाण त्यातच बसते. गरम पाणी तर अजिबात नको, प्लास्टिक वाकतं आणि एकदा वाकलं की परत बसत नाही. थर कडक झाला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात पंधरा-वीस मिनिटं, मग घासून धुवायचं. कवळी साफ करायच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात त्याही चालतात.

बंड्या_मेसवाला:
हॉस्टेलवाल्याचं ऐका ताई, रिटेनर तुटतात कमी, हरवतात जास्त. मेसमध्ये जेवायला बसला की पोरगा तो काढतो, टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवतो, गप्पा रंगतात आणि ताटासोबत तो टिशू खरकट्याच्या बादलीत. आमच्या रूमवरच्या एकाने रात्री बॅटरी लावून ती बादली उपसलीय, मिळाला पण नंतर तोंडात घालायची हिंमत कोणाची होणार! त्यामुळे नियम एकच, तोंडात नाहीतर डबीत, शर्टाच्या खिशात नाही, उशीखाली नाही. डबी भडक रंगाची घ्या, वर मोबाईल नंबर लिहा, एक रूमवर एक बॅगेत. डॉक्टरांना आत्ताच विचारा की साचा किंवा स्कॅन ठेवलंय का, म्हणजे हरवला तरी लातूरहून एका फोनवर दुसरा बनतो. परवडत असेल तर जास्तीची जोडी आधीच करून घ्या.

आणि चहा!! क्लास सुटला की टपरीवर कटिंग होणारच, रिटेनर तोंडात ठेवून प्यायचा नाही, गरमने आकार बिघडतो आणि साखर आत दाताला धरून बसते, लाळ तिथे पोचत नाही म्हणजे कीड लागायला आयतं कारण. कोल्ड्रिंकचंही तेच. तोंडात असताना फक्त पाणी. पहिले काही दिवस स आणि श बोबडे येतात, पोरं चिडवतील, मग विसरतील.

ठाण्याची_काकू:
माझ्या लेकीला खाली तार आहे, या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंत आतून. घालायचं विसरण्याचा प्रश्नच नाही, दिसतही नाही, मला तरी बरं वाटतं. पण नुसत्या ब्रशने भागत नाही, तारेखालून सुपरफ्लॉस, म्हणजे टोकाला कडक असलेला दात साफ करायचा धागा, घालावा लागतो, कंटाळा केला की किटण धरलंच. ऊस, पेरू, चिक्की पुढच्या दातांनी तोडायचं नाही. आमच्या शेजारणीने सांगितलंय अक्कलदाढ काढली की दात सरकतच नाहीत, तेही एकदा विचारा डॉक्टरांना.

दाताखाली_खडा:
काकू, अक्कलदाढेचं खूप लोक सांगतात पण तिच्यामुळे पुढचे दात सरकतात असं सिद्ध झालेलं नाही, नुसतं त्यासाठी दाढ काढू नका. किटणाचं अगदी बरोबर, लाळेच्या नळ्या जिभेखाली तिथेच उघडतात म्हणून खालच्या पुढच्या दातांमागे ते सगळ्यात लवकर साचतं. तारेचा दुसरा धोका म्हणजे एखाद्या दातावरचा चिकटवलेला ठिपका निघतो, तार बाकीच्यांना धरून असते म्हणून कळतच नाही आणि तो एकटा दात सरकून जातो. जिभेला टोचलं किंवा तार हलली की लगेच दाखवायचं. माझं मत विचाराल तर हॉस्टेलच्या मुलाला खाली तार, वर काढायचा रिटेनर. पण तो आत्ताही नीट ब्रश करत नसेल तर तार नको, हिरड्या सुजवून घेईल.

मनीची_आई:
ब्रशचा आनंदीआनंद आहे, म्हणजे तार बाद :( परीक्षेच्या गडबडीत चार-पाच दिवस घातलाच नाही आणि मग घट्ट लागला तर?

दाताखाली_खडा:
घट्ट वाटतोय पण शेवटपर्यंत बसतोय तर घालून ठेवायचा, तेव्हा सुट्टी न देता दिवसरात्र, थोडं दुखेल मग सैल वाटेल. बोटांनी दाबूनही दात आणि प्लास्टिकमध्ये फट राहत असेल तर चावून बसवायचा प्रयत्न करू नये, तडा जातो. तिथूनच फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा आणि दिवाळीच्या सुट्टीची वाट बघायची नाही. पुढे नवे रिटेनर केले तरी जुने टाकून देऊ नका, नवे हरवले तर परत बनून येईपर्यंत कधी कधी तेच कामी येतात.