शब्दचर्चा : विमानाची ‘कामगिरी’ म्हणावं का?

रेघोटी : लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरची (संगणकावर विमान उडवल्याचा अनुभव देणाऱ्या प्रणालीची) मार्गदर्शिका मराठीत करते आहे आणि एका वाक्यावर दोन दिवस अडले आहे. आशय असा, की खरा रिअ‍ॅलिझम एकट्या विमानाच्या आकड्यांत नसून दोन विमानांच्या सापेक्ष परफॉर्मन्समध्ये असतो. परफॉर्मन्सला ‘कामगिरी’ लिहिलं, पण आधीच्या प्रकरणात ‘मिशन’लाही कामगिरीच लिहून ठेवलं होतं. आता ‘या कामगिरीत स्पिटफायरची कामगिरी सरस ठरते’ असं वाक्य समोर आहे (स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान). आणि ‘वास्तववाद’ लिहिलं की कादंबरीवर बोलतोय असं वाटतं. सुचवा.

कानामात्रा : कामगिरी माणसाची. त्यातला ‘गिरी’ फारसीतून आलेला, शिपाईगिरी, मुलूखगिरीतला. ‘कामगिरीवर पाठवलं’ ही जुनी रूढ वापरणी आहे, तेव्हा तो शब्द मिशनसाठीच राखा. यंत्राला ‘क्षमता’ म्हणा.

घारपंख : क्षमता पुरत नाही. क्षमता म्हटलं की टाकीत किती लिटर मावतं तसा एक आकडा डोळ्यांपुढे येतो. विमानाचा वेग उंचीगणिक बदलतो, वळण वेगागणिक बदलतं. त्याच युद्धातलं जपानी झीरो विमान कमी वेगात कुणालाही आत वळून गाठायचं, पण वेग वाढला की त्याचे एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, इतके जड व्हायचे की दांडी हलवताना हात भरून यायचा. मग त्याची ‘क्षमता’ कोणती सांगणार?

आणि रेघोटीताई, तुमच्या वाक्यातला ‘सापेक्ष’ काही झालं तरी सोडू नका. स्पिटफायर मार्क 1 आणि त्याचं जर्मन प्रतिस्पर्धी मेसरश्मिट 109 ई, दोघांचाही कमाल वेग ताशी 570 किलोमीटरच्या आसपास. समजा सिम्युलेटर बनवणाऱ्याने एकाला 3 टक्के जास्त दिले आणि दुसऱ्याला 3 टक्के कमी. सुटं पाहिलं तर दोन्ही विमानं बरोबर वाटतील. पण फरक ताशी 34 किलोमीटरचा पडला, म्हणजे मिनिटाला साडेपाचशे मीटरहून जास्त. जो पळून जाऊच शकत नव्हता, तो तोफांच्या टप्प्याबाहेर निघून गेला.

कानामात्रा : मुद्दा पटला, शब्द नाही. सापेक्ष म्हटलं की लोकांना आइन्स्टाइन आठवतो. ‘तुलनेने’ का नको?

घारपंख : तुलना करणारा बाहेरचा असतो. सापेक्ष म्हणजे स + अपेक्षा, एकाला दुसऱ्याची अपेक्षा आहे. कुणी तुलना करो न करो, ती दोन विमानं एकमेकांना बांधलेली आहेत.

ओंजळ : रिअ‍ॅलिझमला ‘हुबेहूबपणा’ घ्या. घरात सगळे हेच म्हणतात, ‘हुबेहूब उतरलंय’.

कानामात्रा : हुबेहूब फारसीतल्या ‘हू-ब-हू’वरून. ‘यथातथ्य’सारखा शब्द हाताशी असताना?

ओंजळ : तुम्ही वरच फारसी ‘गिरी’ राखायला सांगितलीत! यथातथ्य मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पण हुबेहूबमध्येही एक अडचण आहेच, तो शब्द दिसण्याला लागतो. कॉकपिटचा काटा न् काटा हुबेहूब असेल आणि विमान उडताना तरीही खोटं वाटेल. साधं ‘खरेपणा’ बरं.

घारपंख : याचं माझं आवडतं उदाहरण. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर होता, म्हणजे इंधन तरंगत्या गोळ्याच्या छोट्या टाकीतून इंजिनात जायचं. नाक झटक्यात खाली दाबलं की इंधन वर उसळायचं आणि इंजिन आचके द्यायचं. 109 ला थेट इंधन फवारणी होती, तो खुशाल नाक दाबून निसटायचा. म्हणून स्पिटफायरवाले आधी रोल करून, म्हणजे विमान लांबीच्या अक्षाभोवती फिरवून, उलटे व्हायचे आणि मग दांडी ओढून खाली जायचे. 1941 मध्ये बिअ‍ॅट्रिस शिलिंग या ब्रिटिश अभियंतीने इंधनाच्या नळीत बसवायची भोकाची छोटी चकती काढली, तेव्हा त्रास बराच कमी झाला. 1940 च्या स्पिटफायरने सिम्युलेटरमध्ये आचका दिला नाही, तर कॉकपिट कितीही सुंदर असो, मी त्याला खरा म्हणणार नाही.

कानामात्रा : ‘नाक दाबून’ खाली? मराठीत विमान सूर मारतं.

ओंजळ : आणि रोल म्हणजे कूस पालटणं! माझे आजोबा लढायांच्या बातम्या वाचून दाखवताना असंच म्हणायचे, ‘विमानाने कूस पालटली न् सूर मारला’.

घारपंख : वा, हे घ्याच. जर्मन फॉक-वुल्फ 190 विमानाची ख्याती कूस पालटण्यासाठीच. जून 1942 मध्ये एक जर्मन वैमानिक चुकून वेल्समधल्या पेम्ब्री तळावर उतरला. ते विमान ब्रिटिशांनी उडवून पाहिलं, तर स्पिटफायर मार्क 5 त्याच्यापुढे फक्त आखूड वळणात सरस. कूस पालटण्यात 190 कितीतरी चपळ.

रेघोटी : कूस आणि सूर दोन्ही घेते, मनापासून आभार. परफॉर्मन्सची जागा अजून रिकामीच आहे.

कानामात्रा : थांबा, कूस नीट तपासा. माणूस डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर होतो, म्हणजे अर्धाच फिरतो. पूर्ण रोलला कूस कशी चालेल?

ओंजळ : पूर्ण रोलला लोळण.

कानामात्रा : लोळण जमिनीवर घेतात.